वाचकांचे प्रश्न : फांग-न्गाच्या उपसागरातील एक दिवसाची बोटसफर

थायलंडमधील फुकेतला जाणाऱ्या वाचकांची पत्रे अलीकडे वाढली आहेत आणि त्यांपैकी बहुतेकांचा रोख फुकेतच्या ईशान्येस असलेल्या फांग-न्गाच्या उपसागराकडे आहे. या अंकात त्याच सफरीविषयीच्या निवडक पत्रांना उत्तरे देत आहोत.

प्रश्न : जानेवारीत आम्ही तीन कुटुंबे मिळून फुकेतला जात आहोत. फांग-न्गाच्या दिवसभराच्या सफरींच्या अनेक जाहिराती पाहिल्या. सगळ्यांमध्ये पाण्यात उभ्या असलेल्या त्याच एका सुळक्याचे छायाचित्र आहे, दरांत मात्र दुपटी-तिपटीचा फरक आहे. निवड कशाच्या आधारे करावी?
— एक वाचक, सांगली

उत्तर : तो सुळका म्हणजे को तापू. १९७४च्या जेम्स बाँडपटात तो दिसला आणि त्याच्या शेजारचे खाओ फिंग कान हे बेट ‘जेम्स बाँड बेट’ म्हणून जगभर प्रसिद्ध झाले. सुळका सुमारे वीस मीटर उंच असून वर रुंद आणि पाण्यालगत निमुळता आहे, कारण लाटांनी आणि भरतीच्या पाण्याने त्याचा पाया सतत झिजत असतो. याच कारणासाठी १९९८पासून बोटींना त्याच्या जवळ जाण्यास बंदी आहे. तो पाहायचा असतो शेजारच्या बेटाच्या किनाऱ्यावरून, आणि तिथे दुकानांची व पर्यटकांची इतकी दाटी असते की अर्ध्या तासात मन भरते. सुळका जरूर पाहावा, पण केवळ त्याच्यासाठी सफर निवडू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

या उपसागराचे खरे वैभव बेटांच्या पोटात आहे. आपल्या सह्याद्रीचा काळा बसाल्ट पाण्यात विरघळत नाही, इथला चुनखडक मात्र पावसाच्या किंचित आम्लधर्मी पाण्याने हळूहळू विरघळतो. लाखो वर्षे असे होत राहिल्याने डोंगरांत गुहा तयार झाल्या आणि काही ठिकाणी त्यांची छतेही कोसळली. शेवटचे हिमयुग ओसरल्यावर समुद्र चढला, डोंगरांमधील सखल भूमी पाण्याखाली गेली आणि माथे तेवढे बेटे म्हणून उरले. छत कोसळलेल्या या गुहांना थाई लोक ‘हाँग’, म्हणजे खोली, म्हणतात. बाहेरून पाहिले तर बेटाचा सलग कडा दिसतो. आत जायला कड्याच्या पायथ्याशी एक अंधारे भुयार असते आणि त्यातून लहान कायाकनेच जाता येते. वल्हवणारा मागे बसतो, त्याच्या हातात किंवा डोक्यावर दिवा असतो, वटवाघळांचा उग्र वास येतो आणि छत खाली येऊ लागले की तो प्रवाशांना पाठीवर आडवे व्हायला सांगतो. त्या वेळी छताला चिकटलेले धारदार कालव नाकापासून वीतभर अंतरावरून सरकत जातात, म्हणून हात आणि कोपरे आत ठेवायची असतात. मग एकदम उजेड येतो. चहूबाजूंनी सरळ उभे कडे, मध्ये शांत हिरवे पाणी, कडेला कांदळाची झाडे आणि त्यांच्या मुळांशी चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या, म्हणजे चिखलातले लहान मासे. कोकणात खाडीकाठी वाढलेल्या माणसाला हे सारे ओळखीचे वाटेल आणि तरीही तो थक्क होईल.

आता निवडीचा मुद्दा. भुयारात शिरणे पाण्याच्या पातळीवर अवलंबून असते. भरती पूर्ण असेल तर छत पाण्याला टेकते, ओहोटी फार खाली गेली असेल तर कायाक चिखलात रुतते. प्रवेशाचा काळ या दोहोंच्या मधला. त्यामुळे सफर विकणाऱ्याला पहिला प्रश्न सुळक्याबद्दल न विचारता असा विचारावा : ‘आमच्या तारखेला भरती किती वाजता आहे आणि आपण कोणत्या हाँगमध्ये किती वाजता शिरणार आहोत?’ को पनाक आणि को हाँग या बेटांची नावे घेऊन, वेळ सांगून उत्तर देणारा माणूस आपले काम जाणतो. ‘सगळे दाखवू, काळजी नको’ असे म्हणणाऱ्याच्या सफरीत बहुधा कायाक बेटाच्या बाहेरूनच फिरवून आणतात. तिथे भरती-ओहोटी आपल्याकडल्याप्रमाणेच दिवसातून दोनदा होते आणि रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे कमी जोराची भरती, हा हिशेब तिथेही चालतो. मात्र कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याची जी रीत आहे ती आपल्याच किनाऱ्यापुरती खरी; फुकेतच्या वेळा वेगळ्या आहेत आणि त्यासाठी थायलंडच्या नौदलाचा जलसर्वेक्षण विभाग दरवर्षी भरतीची कोष्टके प्रसिद्ध करतो.

दरांतील फरक मुख्यतः बोटीमुळे आणि प्रवाशांच्या संख्येमुळे पडतो. स्पीडबोट दिवसभरात अधिक ठिकाणे दाखवते, पण प्रत्येक ठिकाणी घाई असते. मोठी दुमजली बोट सावकाश जाते, तिच्यावर सावली असते, जेवणही तिथेच मिळते आणि बेटाजवळ थांबून ती कायाक पाण्यात उतरवते. लांब दांड्याच्या टोकाला पंखा असलेली पारंपरिक लाँगटेल बोट फांग-न्गा गावाकडील धक्क्यावरून मिळते. ती कांदळवनातील अरुंद वाटांनी जाते, त्यामुळे खाओ खिएनच्या कड्यावरील प्रागैतिहासिक चित्रे आणि आरपार जाणारी थाम लोत ही गुहा पाहायची असेल तर ती उत्तम. इंजिनाचा आवाज मात्र कानठळ्या बसवणारा असतो. तीन कुटुंबे एकत्र आहात, तेव्हा आम्ही मोठी बोट सुचवू. काही मोठ्या बोटी दुपारी निघून अंधार पडल्यावर परततात. त्यांत दोन लाभ आहेत : सकाळची गर्दी ओसरलेली असते, आणि अंधारात पाण्यात हात फिरवला की पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे बोटांभोवती निळसर ठिणग्या उमटतात. पौर्णिमेच्या आसपास हे फिके दिसते, हे ध्यानात ठेवून तारीख ठरवावी.

शेवटी, दरात राष्ट्रीय उद्यानाचे प्रवेशशुल्क, हॉटेलपासून धक्क्यापर्यंतची ने-आण आणि कायाक हे सर्व धरले आहे का, ते लेखी घ्यावे. हा भाग १९८१पासून राष्ट्रीय उद्यान आहे आणि परदेशी पर्यटकांना तिथे थाई नागरिकांपेक्षा जास्त शुल्क पडते. थायलंडमध्ये वाटाड्याचे काम कायद्याने थाई नागरिकांसाठीच राखीव आहे, त्यामुळे आपल्याकडून सोबत आलेला सहल व्यवस्थापक असला तरी बोटीवर परवानाधारक स्थानिक वाटाड्या असलाच पाहिजे. त्याच्या गळ्यात परवान्याचे ओळखपत्र असते. ते पाहायला मागण्यात संकोच बाळगू नये.

प्रश्न : आईवडील सत्तरी ओलांडलेले आहेत. आईचे गुडघे दुखतात, वडिलांना बोट लागते. त्यांना नेणे योग्य ठरेल का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : न्यावे, परंतु स्पीडबोटीने नव्हे. लाटेवर आपटत जाणाऱ्या त्या बोटीचे धक्के थेट मणक्यात बसतात. पाठीचे दुखणे असलेल्यांना आणि गरोदर स्त्रियांना अनेक आयोजक त्यावर घेतच नाहीत. शिवाय अनेक स्पीडबोटींवर शौचालय नसते, आणि ज्येष्ठांच्या दृष्टीने ही बाब प्रेक्षणीय स्थळांइतकीच महत्त्वाची आहे. मोठ्या बोटीवर ते असते, पण आरक्षणाआधी विचारून घ्यावे.

कायाक वल्हवण्याचे श्रम वाटाड्या करतो, प्रवाशाने फक्त बसायचे असते. अडचण आहे ती चढ-उताराची, कारण मोठ्या बोटीच्या मागील फळीवरून खाली, पाण्याच्या पातळीवरील हलत्या कायाकमध्ये बसावे लागते आणि परतताना गुडघे दुमडून उठावे लागते. आईंना जमिनीवर बसून आधाराने उठता येत असेल, तर दोन माणसांच्या मदतीने हे जमते. जमत नसेल, तर त्यांनी बोटीवरच थांबावे. डेकवरून दिसणारे कडे आणि घिरट्या घालणाऱ्या ब्राह्मणी घारी पाहण्यातही दिवस सार्थकी लागतो. वडिलांच्या बाबतीत फारशी चिंता नसावी, कारण फुकेत बेटाच्या आडोशामुळे उपसागराचे पाणी उघड्या समुद्रापेक्षा पुष्कळ शांत असते. तरी डॉक्टरांना विचारून गोळी निघण्यापूर्वी अर्धा-एक तास आधी द्यावी, कारण मळमळ सुरू झाल्यावर तिचा उपयोग फारसा होत नाही.

प्रश्न : मुलांच्या शाळेमुळे आम्हाला मेअखेरीसच निघता येते. तेव्हा सफरी चालू असतात का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : चालू असतात. नैऋत्य मोसमी पाऊस अंदमान समुद्रात आपल्या कोकणापेक्षा दोन-तीन आठवडे आधी पोहोचतो, म्हणजे मेअखेरीस तिथे पावसाळा सुरू झालेला असतो. फुकेतचा पश्चिम किनारा त्या काळात खवळतो, पण उपसागर आडोशाला असल्याने तिथल्या सफरी सहसा वर्षभर सुरू राहतात. कोरडा आणि निश्चिंत काळ नोव्हेंबर ते एप्रिल हाच.

मात्र हवामानाचा इशारा असेल तर सफर सोडून द्यावी, पैसे बुडाले तरी चालतील. ५ जुलै २०१८ रोजी फुकेतच्या दक्षिणेस उघड्या समुद्रात एक पर्यटक बोट वादळात उलटली आणि ४७ जणांचा जीव गेला. खराब हवामानाचा इशारा तेव्हा दिलेला होता. डिसेंबर २०२४ मध्ये घारापुरीला निघालेल्या बोटीचा मुंबईच्या बंदरात झालेला अपघात आपल्या सर्वांच्या स्मरणात आहे. तेव्हा मुलांच्या मापाची जीवरक्षक जाकिटे बोटीवर आहेत ना, हे धक्का सोडण्यापूर्वीच पाहावे. मोठ्यांचे जाकीट लहान मुलाला घातले तर पाण्यात ते वर सरकते आणि मूल खाली निसटते. पट्टे आवळून, जाकीट खांद्यांकडून वर ओढून पाहावे. ते हनुवटीच्या वर जाता कामा नये.

प्रश्न : आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत. दुपारच्या जेवणाचे काय करावे?
— एक वाचक, लातूर

उत्तर : ‘भाजीचे जेवण’ एवढेच सांगून भागत नाही. थाई स्वयंपाकात माशाचा द्रव, कालवांचा सॉस आणि कोळंबीची चटणी या गोष्टी फोडणीतल्या हिंग-मोहरीइतक्या सहज पडतात, आणि भाजीत मांस दिसत नसले तरी त्या असू शकतात. आरक्षण करतानाच ‘जे’ हा शब्द वापरावा. हा चिनी-बौद्ध परंपरेतील कडक शाकाहार असून त्यात मासे, अंडी आणि दूधच नव्हे, तर कांदा-लसूणही वर्ज्य आहे. फुकेतमध्ये दरवर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास नऊ दिवस या शाकाहाराचा मोठा उत्सव होतो, त्यामुळे शहरातल्या स्वयंपाक्यांना तो चांगला ठाऊक असतो. बोटीवर मात्र जेवण आधी ठरलेले असते. सोबत दशम्या, सुकी चटणी आणि फळे ठेवावीत. प्लॅस्टिकच्या पिशव्यांऐवजी ती डब्यात न्यावीत, कारण राष्ट्रीय उद्यानांत एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकवर बंदी आहे. उरलेली पोळी माकडांना किंवा माशांना घालू नये. उन्हाच्या मलमाची बाटलीही तपासून न्यावी : ऑक्सिबेंझोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेली मलमे थायलंडच्या सागरी उद्यानांत ऑगस्ट २०२१पासून निषिद्ध आहेत आणि दंड एक लाख बात (थाई चलन) इतका होऊ शकतो.

प्रश्न : बहुतेक सफरी को पान्यी या पाण्यावरच्या कोळीवाड्यात थांबतात. लोकांच्या घरांमधून असे फिरणे मला अवघड वाटते. तिथे कसे वागावे?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : आपल्या मनातला संकोच योग्य आहे आणि तो सोबत घेऊनच तिथे जावे. अठराव्या शतकाच्या अखेरीस जावाकडून आलेल्या मुस्लिम दर्यावर्दी कुटुंबांनी हे गाव वसवले असे सांगितले जाते. एका उभ्या कड्याच्या आडोशाला, उथळ पाण्यात रोवलेल्या खांबांवर घरे, शाळा आणि बाजार उभा आहे, आणि या सगळ्यावर मशिदीचा घुमट उठून दिसतो. मुलांसाठी सपाट जमीन नसल्याने १९८६च्या विश्वचषकाने भारावलेल्या पोरांनी लाकूडफाटा जोडून पाण्यावर तरंगते फुटबॉलचे मैदान केले, त्याची परंपरा तिथे अजून जिवंत आहे.

बहुतेक पर्यटक धक्क्यालगतच्या मोठ्या भोजनगृहात जेवतात, दुकानांची एक रांग पाहतात आणि परततात. वेळ मिळाला तर फळ्यांच्या वाटेने थोडे आत जावे, परंतु खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, पोहण्याच्या कपड्यांवर तर मुळीच जाऊ नये. मद्य नेऊ नये. उघड्या दारातून आतले छायाचित्र घेऊ नये. जाळी विणणाऱ्याचे किंवा सुकट वाळवणाऱ्या बाईंचे घ्यायचे असेल तर खुणेने विचारावे आणि नकार आला तर हसून पुढे जावे. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी मशिदीच्या आसपास घोळका करू नये. खरेदी करायचीच झाली, तर शक्यतो गावात तयार झालेली कोळंबीची चटणी किंवा सुके मासे घ्यावेत, म्हणजे पैसे गावातच राहतात. आपल्या हर्णै-मिरकरवाड्याची सवय असलेल्या माणसाला या वासाचा त्रास होणार नाही.

प्रश्न : एकच दिवस हाती आहे. फांग-न्गा की फी फी बेटे?
— एक वाचक, बडोदे

उत्तर : निळे, तळ दिसणारे पाणी, पोहणे आणि प्रवाळांतले मासे हवे असतील तर फी फी. फांग-न्गाचे पाणी नद्यांच्या गाळामुळे आणि कांदळवनांमुळे हिरवट व गढूळ असते. तिथे पाण्याखाली पाहण्यासारखे फारसे काही नाही, जे आहे ते पाण्याच्या वर आणि कड्यांच्या आत आहे. गुहा, पक्षी, खडक आणि शांतता यांची ओढ असलेल्यांनी, तसेच ज्येष्ठ सोबत असतील त्यांनी फांग-न्गाच निवडावे. फी फीचा रस्ता उघड्या समुद्रातून जातो. तिथली प्रसिद्ध माया बे पर्यटकांच्या गर्दीने प्रवाळ नष्ट होऊ लागल्यामुळे जून २०१८ ते जानेवारी २०२२ पूर्ण बंद ठेवली होती आणि आता दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बंद असते. आपण त्या महिन्यांत जात असाल, तर निवड आपोआपच झाली.