पटत नसलं तरी आपलाच

प्रिय मित्रा,

प्रभूमध्ये सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र वाचलं. तुमच्या अभ्यासगटातला तो भाऊ नाताळ पाळत नाही, सिनेमा बघत नाही, द्राक्षारसाला शिवत नाही, आणि तुझ्या मोकळेपणावर नाराज असतो. त्याच्याशी जमवायचं कसं, असं तू विचारतोस. मला मात्र त्याच्यापेक्षा तुझीच काळजी जास्त वाटली, कारण अख्ख्या पत्रात तू त्याला 'बिचारा' म्हणतोस.

नव्या करारातल्या रोमकरांस पत्राचा १४वा अध्याय सावकाश वाच आणि १५:७ येईपर्यंत थांबू नकोस. प्रेषित पौलाने हे पत्र रोममधल्या ख्रिस्ती मंडळीला साधारण इ.स. ५७ मध्ये लिहिलं. त्याच्या काही वर्षं आधी रोमी सम्राट क्लौद्य कैसराने यहुद्यांना रोममधून घालवलं होतं. अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला हे पौलाचे सहकारी जोडपं करिंथात आलं ते त्यामुळेच. पुढे यहुदी विश्वासी परतले, तोवर यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांच्या हाती मंडळीचं वळण बदललं असणार. काही जण फक्त भाजीपाला खात, ठरावीक दिवस पाळत. बाकीच्यांना सगळं अन्न आणि सगळे दिवस सारखेच. पौल स्वतः मोकळ्या बाजूचा, आणि तसं तो सांगतोही. तरी दुसऱ्यांना आधी पटवा, मग जवळ घ्या, असं तो म्हणत नाही. खाणाऱ्याला तो बजावतो, तुच्छ लेखू नकोस. न खाणाऱ्याला म्हणतो, दोषी ठरवू नकोस. दोषी ठरवणं चारचौघांत ऐकू येतं, म्हणून सापडतं. तुच्छता सभ्य असते, ती कीव करते. तुझा 'बिचारा' तिथलाच आहे.

मग काहीही चालवून घ्यायचं का? नाही. गलतियातल्या मंडळ्यांनी दिवस पाळायला सुरुवात केली तेव्हा हाच पौल धास्तावला, आपले कष्ट वाया गेले की काय, असं त्याला वाटलं. तिथे नियमशास्त्र पाळणं ही देवापुढे नीतिमान ठरण्याची अट होऊ लागली होती. रोममध्ये दिवस पाळणारा प्रभूसाठी पाळत होता. तसंच, यहुदी नसलेला सहकारी तीत याच्या सुंतेची सक्ती होऊ लागली तेव्हा पौल तसूभरही हटला नाही. दुसरा सहकारी तीमथ्य याची सुंता मात्र त्याने स्वतः केली, त्या भागातल्या यहुद्यांमुळे. तुझा भाऊ 'मी प्रभूसाठी हे सोडलंय' म्हणत असेल तर त्याला सोडू दे. 'जो सोडत नाही त्याचं तारण नाही' म्हणाला, तर स्पष्ट बोल. (लबाडी आणि व्यभिचार हे 'वैयक्तिक मत' नव्हे, हे तुला सांगायला नको.)

भावाला अडखळण होऊ नका, असंही पौल त्याच अध्यायात म्हणतो. या शब्दाचा मात्र फार गैरवापर होतो. कुणी नाक मुरडलं म्हणजे तो अडखळला असं नाही. तुझं बघून, मन खात असतानाही तो पेला उचलतो, तेव्हा तो अडखळतो. म्हणून त्याच्यासमोर द्राक्षारस टाळ, आग्रह तर मुळीच नको. पण एकांतात, देवापुढे, तुझं स्वातंत्र्य तुझंच आहे. त्याने ते का सोडलं, हे तू कधी विचारलंस का? दारूने घर उद्ध्वस्त होताना पाहिलेल्या माणसाला आपण पटकन कर्मठ म्हणून मोकळे होतो.

दुसऱ्या शतकाच्या मध्यावर स्मुर्ण्याचा वृद्ध बिशप पॉलिकार्प रोमला गेला. पुनरुत्थानाचा सण यहुदी वल्हांडणाच्या तिथीला पाळायचा की रविवारीच, यावर त्याचं आणि रोमचा बिशप अनिसेतस याचं जमलं नाही; दोघांनीही आपली रीत सोडली नाही. तरी अनिसेतसने आपल्याच मंडळीत प्रभुभोजन चालवण्याचा मान पॉलिकार्पला दिला. पुढे साधारण इ.स. १९० मध्ये रोमचा बिशप व्हिक्टर याच मुद्द्यावर आशिया प्रांतातल्या (आजच्या पश्चिम तुर्कस्तानातल्या), तिथी पाळणाऱ्या मंडळ्या तोडायला निघाला, तेव्हा गॉलमधला बिशप इरेनियसने त्याला ही हकीकत लिहून कळवली. इरेनियस स्वतः व्हिक्टरसारखाच रविवार पाळणारा होता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आपल्याच बाजूच्या माणसाला आवरणं जास्त अवघड.

तुमच्या गटात पुढच्या वेळी प्रार्थना कोण चालवणार आहे? अजून ठरलं नसेल तर त्याला विचार. आणि काय झालं ते कळव.

तुझा,
प्रभूमधला वडीलभाऊ