बाबांची ट्राम आणि तुझा बसचा पास

प्रिय मावशी,

मी 29 वर्षांची, मूळची सांगलीची, सध्या म्युनिकला नोकरी करते. माझा जोडीदार व्हिएन्नाचा आहे, दीड वर्ष आम्ही एकत्र आहोत. मे महिन्यात गुरुवारच्या सुट्टीला शुक्रवारची रजा जोडून चार दिवस व्हिएन्नाला चाललोय. शहर पहिल्यांदाच बघणार आणि त्याच्या आईबाबांनाही पहिल्यांदाच भेटणार. ते हायलिगनश्टाट भागात राहतात. बाबा ट्रामचालक होते, आता निवृत्त आहेत.

व्हिडिओ कॉलवर बोलणं होतं, पण गेले पंधरा दिवस त्याची आई माझ्याशी नुसतं हो-नाही करते. मी परदेशी म्हणून त्यांना पसंत नसेन, असं वाटतं. तो म्हणतो, "ती अशीच आहे." रविवारी तीन ते पाच त्यांच्याकडे कॉफीला जायचं ठरवलंय, मग लगेच परतीची गाडी. बाकी सगळं भरगच्च आहे: शोनब्रुन राजवाडा, बेल्व्हेडेअर महाल, श्टेफान्सडोम चर्चचा मनोरा, कला संग्रहालय, प्राटरचा पाळणा, कालेनबेर्ग टेकडी. (पंधरा दिवसांपूर्वी त्याचे बाबा म्हणत होते की गुरुवारी स्टेशनवर येतो, ट्रामने फिरवतो, पण आमचे हॉप-ऑन हॉप-ऑफ बसचे पास काढून झाले होते, म्हणून नको म्हटलं.)

साडी नेसू का? भेट काय नेऊ? आई सांगलीहून पेढे पाठवते म्हणतेय. मी अंडंही खात नाही, ते कसं सांगू? माझं जर्मन बी-वन पातळीपर्यंतच, म्हणजे रोजच्या बोलण्यापुरतंच आहे, दोन तास काय बोलू? आणि त्याने आईशी माझ्याबद्दल नीट बोलायला नको का?

– धाकधूक, म्युनिक

---

अगं धाकधूक,

तुझे प्रश्न जरा बाजूला ठेव आणि कंसातलं वाक्य पुन्हा वाच. ज्या माणसाची नोकरी त्या शहराच्या रुळांवर गेली, तो सुट्टीच्या दिवशी स्टेशनवर येऊन तुला आपलं शहर दाखवतो म्हणाला. तू त्याला सांगितलंस, आमचे पास काढून झालेत. आणि हे मला सांगतेस ते कंसात!

आता 'गेले पंधरा दिवस' आणि 'पंधरा दिवसांपूर्वी' हे दोन्ही शब्द शेजारी ठेवून बघ. तूच लिहिलेत. कॉलवर आई बहुधा शेजारीच बसल्या असतील, नवऱ्याचं पडलेलं तोंड त्यांनी पाहिलं असेल. पासपोर्टापर्यंत जायची गरजच नाही. तुझ्या बाबांनी होणाऱ्या जावयाला "चला, हरिपूरला संगमावर नेतो" म्हटलं असतं आणि तो "नको, माझी टूर बुक आहे" म्हणाला असता, तर तुझ्या आईने त्याला दुसरा चहा तरी विचारला असता का?

तेव्हा एकच काम कर, आणि आज रात्रीच कर. बाबांना स्वतः मेसेज पाठव. त्याच्यामार्फत नाही, तुझ्या नंबरवरून. जर्मनमध्ये, तीन ओळी: गुरुवारच्या फिरण्याला मी घाईने नको म्हटलं, चुकलं. तुमचं बोलावणं अजून असेल तर मला यायचंय. तुम्ही चालवायचात त्या मार्गावरून न्या. बस्स. 'झी' (तुम्ही) लावून लिही, 'डू' (तू) नको; ते मोठ्यांनी द्यायचं असतं. व्याकरण चुकलं तर चुकू दे. जोडीदाराकडून तपासून घेतलेलं गुळगुळीत पत्र त्यांना लगेच ओळखू येईल.

ते कुठला मार्ग चालवायचे ते तू लिहिलेलं नाहीस. विचारलंही नसशील. पण तुमची गाडी लागते हाउप्टबानहोफला, म्हणजे मुख्य स्टेशनला, आणि त्यांचं घर हायलिगनश्टाटला, आणि या दोन्हींना जोडणारी ट्राम आहे 'डी'. तुझ्या यादीतलं निम्मं शहर तिच्या खिडकीतून दिसतं. स्टेशनच्या मुख्य दारासमोर मिळतात त्या 18 आणि ओ. डीचा थांबा पूर्वेच्या बाजूला, जरा चालून. आधी बेल्व्हेडेअर लागतं, मग श्वार्त्सनबेर्गप्लाट्स चौकावरून गाडी रिंगवर, म्हणजे जुन्या शहराभोवतीच्या रस्त्यावर येते. इथे डावी-उजवी लक्षात ठेव. उजवा हात जुन्या शहराचा: 1869 चं ऑपेरा, हॉफबुर्गच्या बागा, बुर्ग नाट्यगृह. डावा हात कोट पाडल्यावर उभ्या राहिलेल्या नव्या शहराचा: दोन जुळी संग्रहालयं, 1883 ची संसद, नगरभवन, विद्यापीठ. सम्राट फ्रान्झ योझेफने 1857 मध्ये शहराचा कोट पाडायचा हुकूम काढला, 1865 मध्ये रस्ता खुला झाला, म्हणून एवढे वाडे एका ओळीत. रिंग संपली की पर्यटक उतरून जातात. डी पुढे जाते ती फ्रान्झ योझेफ स्टेशनवरून हायलिगनश्टाटकडे आणि नुसडोर्फला द्राक्षमळ्यांच्या पायथ्याशी संपते. सगळा प्रवास पाऊण तासाच्या आसपास, शहराच्या साध्या तिकिटात.

नुसडोर्फच्या थोडं अलीकडे कार्ल-मार्क्स-होफ लागतं. एक किलोमीटरहून लांब एकच इमारत, 1,382 घरं, 1927 ते 1930 या काळात नगरपालिकेने कामगारांसाठी बांधलेली. फेब्रुवारी 1934 च्या यादवीत हिच्यावर तोफा डागल्या होत्या. समोरच्या चौकाला ती यादवी पेटली त्या दिवसाचं, 12 फेब्रुवारीचं नाव आहे. तुझ्या यादीत ती नाही, याद्यांमध्ये ती सहसा नसतेच. पण त्या भागात राहणाऱ्या निवृत्त ट्रामवाल्याला तिच्याबद्दल शोनब्रुनच्या 1,441 खोल्यांपेक्षा जास्त सांगता येईल. ऐकून घे.

आता तुझी भाषेची भीती. अनोळखी माणसांसमोर टेबलाशी दोन तास बसणं हा बी-वनवाल्यासाठी सगळ्यात वाईट प्रकार. समोरासमोर नजर, मध्ये केक, आणि प्रत्येक शांततेत काहीतरी बोलायची सक्ती. तू नेमकं तेवढंच ठरवून ठेवलंयस, तेही घड्याळाकडे बघत. ट्राममध्ये माणसं शेजारी बसतात. खिडकीबाहेर दर मिनिटाला बोट दाखवायला काहीतरी येतं, आणि "हे काय?" एवढं जर्मन पुरतं. व्हिएन्नाची बोली कळली नाही तर "परत सांगा ना, हळू" म्हण. कामाबद्दल बोलणारा माणूस दुसऱ्यांदा आणखी खुशीने सांगतो.

आणि विचारायचंच असेल तर नेमकं विचार. "नोकरी कशी होती?" याला "चांगली होती" एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी विचार, पानगळीत ओल्या पानांनी रूळ निसरडे होतात तेव्हा काय करायचात? ट्रामला चाकांपुढे वाळू सोडायची सोय असते, ती कधी आणि किती सोडायची हे चालकाच्या हाताला कळतं. किंवा जुन्या ई-वन गाड्यांबद्दल विचार. उंच पायऱ्यांच्या त्या गाड्या 2022 मध्ये बंद झाल्या. आताच्या यूएलएफ गाड्यांची पायरी रस्त्यापासून 20 सेंटीमीटरहूनही खाली असते. यातलं एक जरी विचारलंस, तरी पुढचा अर्धा तास तुला बोलावं लागणार नाही.

नुसडोर्फला उतरलात की ते बहुधा हॉयरिगेला नेतील. स्वतःच्या मळ्यातली वाइन विकणारी साधी खानावळ. सम्राट योझेफ दुसऱ्याने 1784 मध्ये तशी परवानगी दिली, तेव्हापासूनचा रिवाज. दारावर डहाळी टांगलेली असली की उघडं. पीत नसशील तर सोडा घातलेला द्राक्षरस माग, कुणालाही काही वाटत नाही. पेला भिडवताना मात्र समोरच्याच्या डोळ्यांत बघ. इथे लाजून खाली बघितलंस तर ते तुसडेपणाचं वाटतं. पैसे ते देतील. एकदा "मी देते" म्हण, दुसऱ्यांदा नको.

खाण्याचं मात्र आजच सांग, आणि आईंना सांग. "मी मांस, मासे आणि अंडं खात नाही, दूध, लोणी, चीज सगळं चालतं." हे दारात सांगितलंस तर त्यांचा दिवसभराचा स्वयंपाक वाया जाईल, आणि मग खरंच बिनसेल. नुसतं 'शाकाहारी' म्हणून भागणार नाही, कारण तिथे अंडं त्यात धरतात. फसवणारे पदार्थही तुला माहीत असू देत. व्हिएन्नाचं बटाट्याचं सॅलड मेयोनेजशिवाय असतं म्हणून निर्धास्त होशील, पण ते बरेचदा बीफच्या रश्शात कालवलेलं असतं. फ्रिटाटनसुपं म्हणजे धिरड्याच्या पट्ट्या घातलेलं सूप, तोच रस्सा आणि वर अंडंही. लिप्टाउअर या तिखटसर चीजमध्ये कधी अँकोव्ही मासा असतो. कायझरश्मार्न (कुस्करलेलं गोड धिरडं) आणि गुगलहुप्फ (केक) अंड्यावरच उभे आहेत. त्यातल्या त्यात बरं म्हणजे सफरचंदाचं श्ट्रुडल: पारंपरिक पारी मैदा, पाणी, तेल आणि मीठ यांची, आत सफरचंद, मनुका, दालचिनी, लोण्यात परतलेला पावाचा चुरा. तरी वरून अंडं फिरवतात का, ते विचार. आईंना "श्ट्रुडल मला खाता येईल" असं आधी कळलं तर त्यांची अर्धी काळजी मिटेल. श्ट्रुडल येणाऱ्या बाईला ते करून घालायलाही आवडतं.

पेढे नकोत. युरोपीय संघाबाहेरून टपालाने किंवा सामानातून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, पार्सल अडकून जप्त होईल. म्युनिकच्या घरी बेसनाचे लाडू कर. तिथे बारीक बेसन मिळतं, ते टाळूला चिकटतं. म्हणून दोन वाट्या बेसनाला दोन मोठे चमचे बारीक रवा घाल. पाऊण वाटी तूप. तिथल्या दुकानात बुटरश्माल्त्स म्हणून मिळतं ते चालतं. मंद आचेवर 25 मिनिटं तरी भाज, तूप सुटून रंग बदामी होईपर्यंत. मग उतरवून कोमट होऊ दे आणि तेव्हाच एक वाटी पिठीसाखर घाल. गरम असताना घातलीस तर साखर वितळते आणि लाडू बसतात. वेलची थोडी, बेदाणा नको. साध्या डब्यातून ने, एखादा लाडू वाकडातिकडा झाला तरी चालेल.

फुलं रविवारसाठी. शनिवारी सकाळी नाशमार्क्ट बाजारातून घे आणि खोलीवर पाण्यात ठेव, कारण तिथे रविवारी दुकानं बंद असतात. गुरुवारच्या सुट्टीलाही तेच, मोठ्या स्टेशनांतली तेवढी उघडी. विषम संख्येत घे. लाल गुलाब, पांढरी लिली, शेवंती नको. पहिली प्रेमिकेची, बाकीची दफनभूमीतली. कागद दाराबाहेर काढ, मग हातात दे.

साडी? ट्राममध्ये चढून द्राक्षमळ्याच्या चढावर जायचंय, कुर्ता घाल. घरात बूट काढावे लागतील, मोजे धड असू देत.

आता तुझी यादी. गुरुवार पूर्ण त्यांचा. बसचे पास रद्द होत असतील तर कर, नसतील तर पैसे गेले समज. शुक्रवारी सकाळी शोनब्रुन, कारण तिथल्या तिकिटावर तारीख आणि वेळ असते. दुपारी बेल्व्हेडेअर, क्लिम्टच्या चित्रांसाठी. शनिवारी कला संग्रहालय, ब्रॉयगलच्या चित्रांच्या खोलीत निवांत बस. श्टेफान्सडोमच्या दक्षिण मनोऱ्याला 343 पायऱ्या आहेत, हौस असेल तर चढ. पाळणा आणि कालेनबेर्ग राहू देत. रविवारची कॉफी ठेव, पण परतीची गाडी दोन तासांनी पुढची घे. चार तासांचाच प्रवास आहे, साडेसात-आठला निघालीस तरी मध्यरात्रीपर्यंत घरी पोचशील.

तिकिटाबद्दल दोन गोष्टी. रेलजेट या जलद गाडीच्या तिकिटात जागा धरलेली नसते, सुट्टीच्या गर्दीत आरक्षण वेगळं कर. आणि गाडी हाउप्टबानहोफच्या आधी माइडलिंगला थांबते, फलकावर 'वीन' (व्हिएन्नाचं जर्मन नाव) वाचून पुष्कळजण तिथेच उतरतात. दुसऱ्या कंपनीच्या गाडीचं तिकीट काढलं असशील तर ती वेस्टबानहोफला जाते, तिथे डी नाही. कुठल्या स्टेशनवर यायचं, ते बाबांना नाव घालून कळव.

राहिला तुझा शेवटचा प्रश्न, त्याने आईशी बोलायला नको का. नको. तू बाबांना 'नको' म्हणालीस ते ऐकूनही तो गप्प बसला आणि तुला "ती अशीच आहे" म्हणाला. त्याला एवढंच सांग की गुरुवारी त्याने मागच्या सीटवर बसायचं आणि प्रत्येक वाक्याचं भाषांतर करायचं नाही.

आधी मेसेज पाठव. बेसन नंतर आण.

– मावशी