डिपेंडन्सी इंजेक्शन: वाचकांचे प्रश्न, स्प्रिंगच्या निमित्ताने

प्रश्न: आमच्या सोसायटीच्या देखभाल बिलांसाठी जावात ॲप लिहितोय. बिल सर्व्हिसमध्येच ‘न्यू’ करून एसएमएस पाठवणारा ऑब्जेक्ट बनवतो. सगळं नीट चालतं. मग स्प्रिंग कशाला हवं?

स्प्रिंगचं, म्हणजे जावा ॲपसाठीच्या त्या तयार फ्रेमवर्कचं, नंतर बघू, आधी ते ‘न्यू’ कुठे लिहायचं ते ठरवू. एसएमएसवाला ऑब्जेक्ट बिल सर्व्हिसच्या पोटात तयार होत असेल, तर नुसती आकारणी तपासायला टेस्ट चालवली तरी सभासदांच्या फोनवर मेसेज जाणार. उद्या कमिटीने बिलं व्हॉट्सॲपवर पाठवा म्हटलं, की हिशेबात काडीचा बदल नसताना हिशेबाचाच क्लास उघडावा लागणार.

उपाय साधा आहे. मेसेज पाठवणारा बिल सर्व्हिसला कन्स्ट्रक्टरमधून द्या. प्रत्यक्षात खरा, टेस्टमध्ये फक्त नोंद ठेवणारा नकली. डिपेंडन्सी इंजेक्शन ते एवढंच. मार्टिन फाउलर यांच्या जानेवारी २००४ मधल्या लेखाने हे नाव रूढ झालं, आणि त्यात कुठल्याही लायब्ररीची अट नाही. दहा-पंधरा क्लास असतील तर ही जोडणी मेन मेथडमध्ये हाताने लिहा. एका पानात मावते आणि कुणालाही वाचता येते.

ॲप वाढलं, ट्रँझॅक्शन, लॉगिन, डेटाबेस कनेक्शन हे सगळं जोडायची वेळ आली, की हाताने लिहिलेली जोडणी आवरेनाशी होते. तिथे स्प्रिंगचा कंटेनर, म्हणजे ऑब्जेक्ट बनवून एकमेकांना जोडून देणारा भाग, खरोखर कामाला येतो. तुमचं ॲप वेबवर जाणार असेल तर स्प्रिंग बूट, म्हणजे स्प्रिंगची बरीचशी मांडणी आपोआप करून देणारा त्याचा जोडीदार, जरूर घ्या. फक्त एक कसोटी सोडू नका: बिल सर्व्हिस स्प्रिंगशिवाय, साध्या ‘न्यू’ने बनवता आली पाहिजे. ती बनत नसेल तर तुमच्या कोडची रचना तुमच्या हातून निसटू लागली आहे. खालच्या बहुतेक प्रश्नांचं मूळ मला तिथेच दिसतं.

प्रश्न: फील्डवर ऑटोवायर्ड (‘इथे स्प्रिंगने ऑब्जेक्ट द्यावा’ ही खूण) लिहिलं की इंटेलिजे हा कोड एडिटर इशारा देतो. पण कन्स्ट्रक्टर वापरला तर अकरा पॅरामीटर होतात आणि कोड भयंकर दिसतो. फील्डच ठेवू का?

नका ठेवू. अकरा गरजा दोन्हीकडे आहेत. फील्डमध्ये त्या विखुरतात म्हणून डोळ्यांत भरत नाहीत, इतकंच. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ हा न्याय कोडला लावू नये. शिवाय फील्ड इंजेक्शनमध्ये फील्ड फायनल ठेवता येत नाही. टेस्टमध्ये कुणी सरळ ‘न्यू’ केलं तर ऑब्जेक्ट तयार होतो, पण आतून रिकामा. नल पॉइंटर एक्सेप्शन येतं ते पुढे कुठेतरी, वापराच्या वेळी. कन्स्ट्रक्टर असेल तर अर्धवट ऑब्जेक्ट कंपायलरच बनू देत नाही.

आता त्या अकरांकडे बघा. कोणत्या मेथडला त्यातल्या कोणत्या लागतात, ते कागदावर लिहून काढा. बहुधा चार एका कामाच्या, पाच दुसऱ्या कामाच्या आणि उरलेल्या दोन दोन्हीकडे लागणाऱ्या निघतील. म्हणजे एका क्लासमध्ये दोन क्लास आहेत. ते वेगळे करा, कन्स्ट्रक्टर आपोआप लहान होईल. स्प्रिंग ४.३ पासून एकच कन्स्ट्रक्टर असेल तर त्यावर ऑटोवायर्ड लिहायचीही गरज नाही. लोम्बोक या लायब्ररीने कन्स्ट्रक्टर आपोआप बनवून घेत असाल तर मात्र जपून. तिथे गरजा वाढत जातात आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

प्रश्न: स्प्रिंग बूट २.६ वर गेल्यापासून ॲप सुरूच होत नाही. ऑर्डर सर्व्हिसला स्टॉक सर्व्हिस हवी आणि स्टॉकला ऑर्डर. आधी चालत होतं. सर्क्युलर रेफरन्सला परवानगी देणारी सेटिंग टाकली तर चालेल का?

सेटिंग टाकलीत की ॲप सुरू होईल. आज रात्री रिलीज असेल तर टाका, पण काढायची तारीख टीमच्या बोर्डवर लिहून ठेवा. २.६ मध्ये ही परवानगी मुद्दामच बंद केली आहे. आधी चालत होतं ते फील्ड किंवा सेटर इंजेक्शनमुळे: स्प्रिंग एक ऑब्जेक्ट अर्धवट बनवून दुसऱ्याला द्यायचं आणि मग पहिला पुरा करायचं. दोघांचे कन्स्ट्रक्टर एकमेकांवर अडून बसले तर हे जमतच नाही.

स्टॉकला ऑर्डरमधलं नेमकं काय हवंय ते शोधा. ‘या मालाच्या किती ऑर्डर बाकी आहेत’ एवढंच हवं असेल, तर तो प्रश्न विचारणारा छोटा तिसरा क्लास काढा. दोघंही त्याला विचारतील आणि गाठ सुटेल. स्टॉकला फक्त काहीतरी घडल्याचं कळवायचं असेल तर स्प्रिंगचा ॲप्लिकेशन इव्हेंट वापरा. हे इव्हेंट मुळात त्याच थ्रेडवर, लगेच चालतात हे ध्यानात असू द्या. ‘लेझी’ (ऑब्जेक्ट लागेल तेव्हाच बनव) लावूनही ॲप सुरू होतं, पण गाठ तशीच राहते.

प्रश्न: एका ग्राहकाला दुसऱ्याच ग्राहकाचं नाव आणि पत्ता दिसला. लोकल मशीनवर असं कधीच होत नाही. सर्व्हिसमध्ये ‘सध्याचा ग्राहक’ फील्डमध्ये ठेवतो. स्कोप प्रोटोटाइप केला (मागेल तेव्हा नवी प्रत), तरी तक्रार आली.

कोडआधी एक गोष्ट करा: लॉग तपासून कुणाची माहिती कुणाला दिसली ते शोधा आणि वरिष्ठांना आजच सांगा. लोकांचे पत्ते आहेत, हे पुढच्या स्प्रिंटपर्यंत थांबण्यासारखं नाही.

आता कारण. स्प्रिंगमध्ये बीन (स्प्रिंगने बनवून सांभाळलेला ऑब्जेक्ट) मुळात सिंगलटन असतं. साऱ्या ॲपला मिळून तुमच्या सर्व्हिसचा एकच ऑब्जेक्ट. बूटमधला टॉमकॅट मूळ सेटिंगमध्ये २०० पर्यंत थ्रेड चालवतो, आणि ते सगळे त्याच एका फील्डमध्ये लिहितात. एका रिक्वेस्टने ग्राहक ठेवला आणि ती वाचायला परत येईपर्यंत दुसरीने त्याच जागी आपला ठेवला. लोकलवर तुम्ही एकटे क्लिक करता, म्हणून दिसत नाही.

प्रोटोटाइपने का सुटलं नाही? तुमचा कंट्रोलर (रिक्वेस्ट घेणारा क्लास) सिंगलटनच आहे. तो एकदाच तयार झाला, तेव्हाच त्याला सर्व्हिसची एक प्रत मिळाली आणि तीच तो कायम वापरतोय. दर वेळी नवी प्रत हवी असेल तर स्प्रिंगच्या ऑब्जेक्टप्रोव्हायडरकडे मागावी लागते. डॉटनेटवाल्यांनाही हाच सापळा भेटतो: स्कोप्ड (एका रिक्वेस्टपुरती) सर्व्हिस सिंगलटनमध्ये अडकते. एएसपी डॉटनेट कोअर डेव्हलपमेंटमध्ये ते तपासून एरर देतं. स्प्रिंगमध्ये प्रोटोटाइप असा गुपचूप अडकून राहतो.

तुमच्यासाठी मात्र यातलं काहीच नको. फील्ड काढून टाका आणि ग्राहक मेथडला पॅरामीटर म्हणून द्या. कन्स्ट्रक्टरमधून सोबती क्लास येतात, मेथडमधून त्या वेळची माहिती. ही रेघ पाळलीत तर स्कोपचा विचार क्वचितच करावा लागेल.

प्रश्न: प्रत्येक सर्व्हिसला इंटरफेस आणि ‘इम्पल’ क्लास हवाच का?

नाही. दुसरी अंमलबजावणी खरंच असेल किंवा बाहेरच्या जगाशी, म्हणजे एसएमएस, पेमेंट वगैरेंशी बोलायचं असेल, तिथे इंटरफेस ठेवा. प्रॉक्सीसाठी (ट्रँझॅक्शनसारख्या कामांना स्प्रिंग तुमच्या क्लासपुढे उभा करतं तो मध्यस्थ) तो लागतो ही जुनी समजूत, बूट २.० पासून मुळातच क्लासवरून प्रॉक्सी बनते.

प्रश्न: अँड्रॉइडवर डिपेंडन्सी इंजेक्शनसाठी हिल्ट की कोइन?

टीम मोठी असेल तर हिल्ट. त्याच्या खाली डॅगर ही लायब्ररी आहे. राहिलेली डिपेंडन्सी बिल्डच्या वेळीच पकडली जाते. कोइन शिकायला सोपं, पण चूक बहुधा ॲप चालू असताना कळते, म्हणून त्याची व्हेरिफायची टेस्ट पहिल्या दिवसापासून लावा.

प्रश्न: आमच्या टेस्ट चालायला फार वेळ लागतो. प्रत्येकीवर स्प्रिंगबूटटेस्ट (अख्खं ॲप उभारणारी खूण) आहे आणि हवं ते मॉकबीन (खऱ्याच्या जागी नकली बीन). काय करू?

स्प्रिंग एकदा उभारलेला कॉन्टेक्स्ट (जोडून तयार झालेल्या बीनचा अख्खा संच) साठवून पुढच्या टेस्टना देतं, पण सेटिंग तंतोतंत तीच असेल तरच. मॉकबीनचा संच बदलला की नवा कॉन्टेक्स्ट. तुमच्याकडे जवळपास प्रत्येक टेस्ट क्लाससाठी अख्खं ॲप नव्याने उभं राहत असणार.

हिशेब, नियम, सवलत, दंड या कशालाच स्प्रिंग लागत नाही. तिथे ‘न्यू’ करा, नकली सोबती द्या. टेस्ट डोळ्याचं पातं लवायच्या आत संपते. तारखेवर चालणारे नियम असतील तर जावाचं क्लॉकही कन्स्ट्रक्टरमधून घ्या, म्हणजे ३१ मार्चची टेस्ट जुलैतही चालेल. जोडणी नीट आहे का, हे बघणाऱ्या मोजक्या टेस्टवरच स्प्रिंगबूटटेस्ट ठेवा आणि त्या सगळ्यांना एकच सामाईक सेटिंग द्या. बूट ३.४ पासून मॉकबीन जुनं ठरलं असून मॉकिटोबीन आलं आहे. बदल करतच आहात तर तेही उरकून घ्या.