हडंब्याच्या बुकिंगसाठी जुना पाम घेऊ का?

दिग्रसकडच्या एका भाऊंचा प्रश्न आहे. हडंबा म्हंजे मळणीयंत्र भाड्यानं चालवतात, मागच्या ऑक्टोबरात सोयाबीनच्या घाईत तारखांचा घोळ झाला अन् चार गिऱ्हाईकं दुसऱ्याकडे गेली, म्हणतात 18 हजाराचं काम गेलं. डायरी ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये राहते अन् स्मार्टफोन शेतात नीट चालत नाही, ही त्यांची तक्रार. आता तारखा अन् नंबर ठेवायला एक जुना पाम थ्री एक्सई (खिशातला छोटा कॉम्प्युटर, डायरीसारखा, फोन नाही) ऑनलाइन 7,800 ला भेटून रायला, क्रेडिट कार्डाच्या हप्त्यावर घेऊ का?

भाऊ, हप्त्याचं तं पहिले डोक्यातून काढा. व्याज, त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी, वरून प्रोसेसिंग फी, अन् हे सगळं एका वापरलेल्या वस्तूसाठी जिची ना गॅरंटी ना पक्कं बिल.

दुसरं म्हंजे ते 18 हजार. ते भाडं होतं, कमाई नाही. डिझेल काढा, दोन माणसांची मजुरी काढा, पट्टा-बेअरिंगची झीज काढा, निम्मे हातात राहिले तरी खूप झालं. म्हंजे पामनं पुढच्या सीझनला चारही गिऱ्हाईकं वाचवली तरी जेमतेम त्याचीच किंमत निघते.

आता तुमची तक्रार खोटी नाही हेही सांगतो. भुशानं भरलेल्या, घामेजल्या बोटांनी स्मार्टफोनचा टच चालत नाही, उन्हात स्क्रीन दिसत नाही, अन् पाम तिथं खरंच भारी, काडीनं नाहीतर नखानंही चालतो, दोन बारक्या ट्रिपल ए सेलवर आठवडे काढतो. पण ही वस्तू 2000 सालची आहे बापा. तिच्यात मराठी नाही, अक्षरं ग्राफिटी नावाच्या पद्धतीनं एकेक काढावी लागतात, इंग्रजी ए काढला तं मधली आडवी रेघ द्यायची नाही, असं. आतली माहिती एका स्टँडमधून, जुन्या सीरियल पोर्टच्या वायरीनं कॉम्प्युटरवर जाते, तसा पोर्ट आजच्या लॅपटॉपला शोधून सापडत नाही. अन् सेल उतरले, बदलायला उशीर झाला की आतलं सगळं साफ. मी विमा विकायचो तेव्हा एक डिजिटल डायरी घेतली होती, सेल बदलताना तीनशेक नंबर गेले, मग महिनाभर लोकांच्या दारात जाऊन वहीत उतरवत बसलो, बायको अजून हसते.

पण माझा खरा मुद्दा वेगळाच आहे. तुम्हीच लिहिलंय की डायरी होती, पण ती ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये अन् कॉल आला तेव्हा तुम्ही हडंब्यावर. मंग पाम असता तरी कॉल फोनवरच आला असता ना? नंबर फोनमध्ये, तारीख पाममध्ये, मधात तुम्ही, कानात हडंब्याचा आवाज. दोनदा लिहायचं काम एकदाही होत नाही.

माझं ऐकाल तं दीड-दोन हजाराचा बटनाचा फोन घ्या, फक्त धंद्याचा. कॉल झाला की तिथंच नंबर सेव्ह करा, नावात गाव अन् एकर टाका, आडनाव नंतर पाहू. रात्री जेवल्यावर दहा मिनिटं, दिवसाचे सगळे नंबर स्मार्टफोनच्या गूगल कॅलेंडरमध्ये तारखेसकट चढवा, फोन पडला-भिजला तरी खात्यात राहते. अन् बुकिंग म्हंजे 500 रुपये इसार, यूपीआयनं. इसार नाही तं तारीख नाही. तुमच्या चारातले दोघं तरी, माझ्या अंदाजानं, तुम्ही विसरलात म्हणून नाही तं आधी ज्याचा हडंबा दिसला त्याच्याकडे गेले असतील, अन् ज्यानं पैसे दिले तो एक दिवस वाट पाहते.

उरलेले सहाएक हजार दसऱ्याच्या आधी पट्टा अन् चाळणीसाठी बाजूला ठेवा.

पाम हौसेनंच पायजे असल तं तूर निघाल्यावर घरच्या पैशातून घ्या, धंद्याच्या खात्यातून नको. अन् पैसे पाठवायच्या आधी विकणाऱ्याकडून नवे सेल टाकून चालू केल्याचा व्हिडिओ मागवा, स्क्रीनच्या चारही कोपऱ्यात काडी टेकवून दाखव म्हणा.