सिंगापूरसारख्या लहान, गच्च भरलेल्या देशानं लोकसंख्या वाढवत राहावं का?

तुम्ही विचारलं की एवढीशी जागा, आधीच एवढी गर्दी, तरी सिंगापूर बाहेरून माणसं आणून लोकसंख्या वाढवतच राहतं, हे बरोबर आहे का. मी 2014 ते 2020 सहा वर्षं तिथं होतो, जहाज दुरुस्तीच्या यार्डात वेल्डर म्हणून, आणि आता पुन्हा इकडं यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याकडं पाच एकर कोरडवाहू वावर करून राहिलो. म्हणजे ज्या वाढीबद्दल तुम्ही विचारता त्या वाढीत माझं पण एक डोकं मोजलेलं होतं. माझं उत्तर सरळ आहे, वाढवत राहू नये. पण ते जागा कमी आहे म्हणून नाही, कारण दुसरंच आहे आणि ते सांगायला थोडं लांबेल.

आधी जागेचं बोलून घेतो कारण सगळे तिथंच अडकतात. सिंगापूर सगळं मिळून 735 चौरस किलोमीटर, आमचा एकटा यवतमाळ जिल्हा 13,582, म्हणजे आमच्या जिल्ह्यात अठरा सिंगापूर आरामात बसतात. माणसं बघा, आमची 2011 च्या जनगणनेत 27 लाख 72 हजार, त्यांची 2024 ला 60 लाखाच्या वर. ऐकून वाटतं तिथं माणसाला श्वास घेता येत नसेल, पण तसं काही नाही जी. बस वेळेवर येते, गल्लीत कचरा नसतो, झाडं तर एवढी की पहिल्या महिन्यात मला वाटलं हे शहर आहे की फॉरेस्टचा एरिया. दर दहातली आठ माणसं सरकारनं बांधलेल्या उंच बिल्डिंगीत राहतात. स्वातंत्र्याच्या वेळी जमीन साधारण 580 चौरस किलोमीटर होती, बाकीची समुद्रात भराव टाकून काढली, त्यासाठी वाळू बाहेरून आणली आणि नंतर इंडोनेशियानं 2007 ला वाळू देणं बंद केलं तेव्हा त्यांची पंचाईत पण झाली. पाण्याचं तर मला सर्वात जास्त नवल वाटायचं. आमच्याकडं एप्रिल लागला की टँकरची वाट पाहणं सुरू होतं, माय रात्री दोनला उठून हापशीवर गुंड ठेवून यायची नंबर लावायला, आणि तिथं स्वतःची मोठी नदी नाही तरी चोवीस तास नळाला पाणी. शेजारच्या मलेशियातल्या जोहोरहून पाइपलाइननं येतं, तो करार 1962 चा आहे आणि 2061 ला संपतो, बाकी पावसाचं साठवतात, समुद्राचं गोडं करतात आणि 2003 पासून सांडपाणी इतकं शुद्ध करतात की ते पुन्हा वापरात येतं. तेव्हा पैसा आणि नियोजन असलं तर गर्दी सांभाळता येते हे मी डोळ्यानं पाह्यलं, अजून पाच-दहा लाख पण ते बसवून घेतील.

आता खरी गोष्ट. ती 60 लाख माणसं कोण आहेत? नागरिक आहेत साधारण 36 लाख, कायम राहायची परवानगी असलेले साडेपाच लाखाच्या आसपास, आणि उरलेले 18 लाखाच्या वर हे आमच्यासारखे, म्हणजे कामाच्या परवान्यावर किंवा शिक्षणासाठी वगैरे आलेले. सन 2000 मध्ये तिथं एकूण 40 लाख लोक होते, म्हणजे चोवीस वर्षांत वीस लाख वाढले, आणि ते पाळण्यातून वाढले नाहीत, कारण तिथं एका बाईमागं सरासरी मूल एकाच्या पण खाली गेलं, 2023 ला 0.97. मुख्य वाढ विमानतळावरून झाली.

आणि माझ्यासारख्या मजुराला तिथं घेतात ते फक्त हात म्हणून. माझ्या परवान्यावर बायको आणता येत नव्हती, पोरगा आणता येत नव्हता, तिथल्या मुलीशी लग्न करायचं तर सरकारची परवानगी लागते, काम सुटलं की परत. वसतिगृहात एका खोलीत आम्ही बारा जण, वर-खाली पलंग, प्रत्येकानं आपल्या पलंगाला चादर बांधून आडोसा केलेला. माझ्या वरच्या पलंगावर बांगलादेशचा एक भाऊ होता, त्याच्या पोरीचा फोटो त्यानं पलंगाच्या पट्टीला टेपनं चिकटवला होता, झोपून वर पाह्यलं की मला तीच पोरगी दिसायची, दोन वेण्या, शाळेचा ड्रेस. सहा वर्षांत तो दोनदाच घरी गेला. सकाळी साडेपाचला आम्हाला ट्रकच्या मागच्या डाल्यात बसवून यार्डात न्यायचे, पावसात ताडपत्री, आणि त्याच रस्त्यावरून आमच्या बाजूनं एसीची बस जायची, त्यातले लोक पण लोकसंख्येत आणि आम्ही पण लोकसंख्येत. एप्रिल 2020 ला कोरोना वसतिगृहांत घुसला आणि गेटं बंद झाली, तेव्हा तर हे फारच उघडं पडलं. शहराचा आकडा वेगळा सांगायचे आणि वसतिगृहांचा वेगळा. महिनोन्‌महिने आम्ही त्या खोलीत, जेवण डब्यात यायचं, एकाला ताप आला की बाकीचे अकरा भिंतीकडं तोंड करून झोपायचे. पुढं डिसेंबरात मी गावात पोचलो होतो तेव्हा मोबाईलवर वाचलं की वसतिगृहातल्या जवळपास निम्म्या मजुरांना लागण होऊन गेली होती. मला कधी झाला का नाही ते मला आजपर्यंत माहीत नाही.

खोटं बोलणार नाही, त्या देशानं मला दिलं पण. एजंटला अडीच लाख द्यायला बाबांनी दोन एकर गहाण ठेवली होती, ती सुटली, विहीर झाली, बहिणीचं लग्न झालं. पगार दर महिन्याला ठरल्या तारखेला व्हायचा, इकडं रोजगार हमीचा पैसा यायला काय वेळ लागतो ते सगळ्यांना माहीत आहे. म्हणून मी रागानं लिहून राहिलो असं समजू नका.

पण हिशोब मांडून पाहा. मी जन्मलो तेव्हापासून अठरा-एकोणीस वर्षाचा होईपर्यंत मला खाऊ घातलं माझ्या मायबापानं, पोलिओचा डोस पाजला आमच्या उपकेंद्रानं, शिकवलं जिल्हा परिषदेच्या शाळेनं, वेल्डिंग शिकवलं तालुक्याच्या आयटीआयनं. तयार झाल्यावर सव्वीस ते बत्तीस ही सगळ्यात कामाची वर्षं त्या देशानं घेतली. कंपनी आमच्या प्रत्येकामागं तिथल्या सरकारला दर महिन्याला लेव्ही भरते, शेकड्यानं डॉलर, तो पैसा तिथल्या तिजोरीत जातो. तिथल्या नागरिकाचा पीएफसारखा फंड असतो, सीपीएफ, तो आमच्यासारख्या परवान्यावाल्याला नाही. आणि कंबर गेल्यावर, डोळे गेल्यावर, वेल्डिंगवाल्याचे जातातच, म्हातारपण पुन्हा दारव्ह्याकडंच. बालपण आमच्या खर्चानं, म्हातारपण आमच्या खर्चानं, मधली तरणी वर्षं त्यांची. ह्याला ते लोकसंख्या वाढवणं म्हणतात, मला ते उसनवारी वाटते, आणि उसनं आणलेलं कधीतरी थांबतं. केरळ-तामिळनाडूतून आधी जेवढे जायचे तेवढे आता निघत नसतील कारण तिथंही पोरं कमी झाली. आपल्या महाराष्ट्रात एका बाईमागं सरासरी मुलं 2019-21 च्या पाहणीत 1.7 आली, देशात 2.0. उद्या उसनं द्यायला कोणाकडं असेल?

मजा म्हणजे, आणि हे मला तिथल्याच एका म्हाताऱ्या सुपरवायझरनं जेवणाच्या सुट्टीत सांगितलं होतं, हे लोक एकेकाळी बरोब्बर उलटं सांगत होते. 1972 मध्ये त्यांनी मोहीम काढली, दोनवर थांबा. तिसऱ्या-चौथ्या बाळंतपणाला दवाखान्याची फी वाढवली, नसबंदी केलेल्या आईबापाच्या पोरांना चांगल्या शाळेत आधी नंबर. मला लगेच आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राची भिंत आठवली, तिच्यावर लाल त्रिकोण होता, खाली आई-बाप आणि दोन पोरं, रंग उडून बापाचं तोंड गेलेलं. आणि आमच्याकडचा नियम तर आजही आहे, 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरं लेकरू झालं की ग्रामपंचायतीला उभं राहता येत नाही. तर तिकडं सत्तरच्या दशकाच्या मध्यातच एका बाईमागं मुलं दोनच्या आसपास आली होती, तरी मोहीम 1987 पर्यंत ओढली, मग एकदम उलटी घोषणा, परवडत असेल तर तीन किंवा जास्त होऊ द्या. 2001 पासून बाळाच्या जन्माला रोख बोनस पण देतात. कोणी ऐकलं नाही. म्हातारा म्हणाला माझ्या आईला आम्ही सात होतो, मला दोन, माझ्या पोरीला कुत्रा आहे. लोकांना थांबवणं सरकारला जमलं, पुन्हा सुरू करणं जमलं नाही, म्हणून आमची गरज पडली.

वाढवत राहा म्हणणाऱ्यांचं मुख्य म्हणणं असतं की म्हातारे वाढून राहिले, त्यांना पोसायला तरणे पाहिजेत. त्यात तथ्य आहे. 2030 पर्यंत तिथं चार नागरिकांतला एक 65 च्या वरचा असेल असा त्यांचाच अंदाज आहे, आणि खाण्याच्या सेंटरमध्ये सत्तरीतले आजोबा टेबलं पुसताना मी रोज पाह्यले, एका आजीच्या हातातला ट्रे मी उचलू लागलो तर ती रागावली, माझं काम आहे म्हणाली. पण आणलेला तरणा माणूस पण म्हातारा होतोच ना. त्याला ठेवून घेतला तर वीस-तीस वर्षांनी त्याच्यासाठी अजून आणा, मग त्यांच्यासाठी अजून. युनोच्या लोकसंख्या विभागानं 2000 साली हा हिशोब कागदावर करून दाखवला होता, दक्षिण कोरियाला एका म्हाताऱ्यामागं कामाच्या वयाची माणसं 1995 एवढीच ठेवायची असतील तर 2050 पर्यंत 510 कोटी माणसं बाहेरून आणावी लागतील. एवढी जगातून आणायची कुठून! आणि म्हातारा होऊ द्यायच्या आत परत पाठवला, जसं मला पाठवलं, तर म्हातारपण कमी झालं नाही, त्याचा पत्ता बदलला फक्त.

तो पत्ता आमचा आहे म्हणून मला हे लागतं. मी शिकलो त्या शाळेत माझ्या वेळी चौथीच्या एका वर्गात बेचाळीस पोट्टे होते, खाली जागा नसायची, यंदा पहिली ते चौथी मिळून पट अकरा आहे. दरवर्षी जूनमध्ये गुरुजी घरोघर फिरतात, कोणाचं पोरगं कॉन्व्हेंटच्या व्हॅनमध्ये जाऊ नये म्हणून हात जोडतात, पट घसरला की शाळा दुसऱ्या गावात जोडायची भीती. सोयाबीनच्या सोंगणीला गावात माणूस मिळत नाही, मध्य प्रदेशातून टोळ्या येतात, त्यांना वावरात पाल ठोकायला जागा द्यावी लागते, मागच्या साली एक बाई चार महिन्याचं लेकरू बांधावर झोळीत ठेवून सोंगत होती. मी तिला म्हटलं बाई सावलीला ठेव, ती म्हणे तिथून दिसत नाही. तेव्हा माझ्या डोक्यात आलं की आता मीच कोणाच्या तरी गावची तरणी वर्षं घेऊन राहिलो. गोठ्यातली एक खोली रिकामी केली, लाईट दिला, पिण्याचं पाणी भरून दिलं. एवढं करायला माझे फार पैसे गेले नाहीत.

म्हणून सिंगापूरनं काय करावं असं विचाराल तर मी म्हणतो आहे तेवढ्यावर स्थिर व्हावं, हळूहळू कमी झाले तरी घाबरू नये. 2013 ला त्यांच्या सरकारनं श्वेतपत्रिका काढली होती की 2030 पर्यंत आकडा 69 लाखापर्यंत जाऊ शकतो, तर त्यांचे स्वतःचे लोक हजारोंनी मैदानात जमले, तिथं मोर्चे-बिर्चे सहसा होत नाहीत तरी, आणि संसदेत मग सांगावं लागलं की 69 लाख हे उद्दिष्ट नाही. मी गेलो तेव्हा ते ताजंच होतं, बसमध्ये कोणी तिरपं पाह्यलं की मला वाटायचं हा त्या मैदानातला असेल. त्यांचा राग गर्दीवर होता, तो मी समजू शकतो, पण आमच्या खोलीत बारा पलंग काहून आहेत हे त्यात कोणी विचारलेलं मी ऐकलं नाही. यार्डात जे काम मशीन करू शकतं ते मशीननं करावं, स्वस्त माणूस मिळतो तोपर्यंत मशीन कोणी घेत नाही हे मी सहा वर्षं पाह्यलं. आणि तरीही माणूस लागलाच तर पूर्ण माणूस घ्यावा, बायकोपोरांसकट, राहायचा हक्क देऊन. तेवढं जमत नसेल तर ती जी लेव्ही घेतात तिच्यातला निम्मा भाग त्या मजुराच्या नावानं फंडात टाकावा आणि परत जाताना हातात द्यावा. माझ्या सहा वर्षांचा निम्मा धरला तरी आमच्या दोघा नवराबायकोच्या म्हातारपणाला मोठा आधार झाला असता.

हे तुम्हाला लिहून राहिलो कारण परवा माझा पुतण्या आला होता, आयटीआय झाला त्याचा, एजंटचा नंबर मागत होता. त्याला नाही म्हणता आलं नाही, मी पण गेलोच होतो. नंबर दिला, सोबत सांगितलं की वावर गहाण ठेवायचं नाही, पासपोर्ट कोणाच्या हातात द्यायचा नाही, आणि पहिल्या पगारापासून दोन हजार रुपये पोस्टात स्वतःच्या नावानं. त्यानं वहीत लिहून घेतलं. त्याची आजी तिथंच तुरी पाखडत बसली होती, तिनं एकच विचारलं, परत कधी येशील, तर तो म्हणाला चार-पाच वर्षं धर.