पोसोनला निघालीस, तर

चिरंजीव मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप मिळाला. पोसोनच्या पौर्णिमेला श्रीलंकेत अनुराधापूर आणि मिहिंतले, आणि तिकिटं काढूनही झाली. बरं केलंस. ‘सर, काय काय पाळायचं त्याची यादी पाठवा’ असं लिहिलंयस. यादी तुला तिथला कुठलाही रिक्षावाला सांगेल. पांढरे किंवा फिके कपडे, खांदे आणि गुडघे झाकलेले, चपला बाहेर, टोपी हातात, बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो नाही. अंगावर बुद्धाचं चित्र गोंदलेलं असेल तर झाकून ठेवायचं; २०१४ साली दंडावरच्या तशा टॅटूपायी एका इंग्लिश बाईंना अटक करून परत पाठवलं होतं. (पुढे तिथल्याच सर्वोच्च न्यायालयाने त्यांना भरपाई देवविली.) झाली यादी.

मला काळजी आहे ती वेगळीच. युरोपातून आलेल्या माणसाला तिथे सगळं नवं असतं, म्हणून तो बिचारा जपून पाऊल टाकतो, दहादा विचारतो. आपल्याला मात्र सगळं ओळखीचं वाटतं. अनवाणी चालणं, फुलांची परडी, उदबत्तीचा वास, हात जोडणं, पौर्णिमा, पिंपळ. ‘अरे, हे तर आपलंच!’ असं मनात आलं की आपण सैल होतो, आणि नेमक्या तिथेच चुका करतो. मी केल्या आहेत, म्हणून सांगतो.

पहिल्या खेपेला अनुराधापुरात श्री महाबोधीच्या, म्हणजे तिथल्या पवित्र पिंपळाच्या, रांगेत माझ्यापुढे एक वयस्कर गृहस्थ होते. कमळांची परडी दोन्ही हातांनी छातीशी धरलेली. बोलणं निघालं. भारतातून आलो म्हटल्यावर त्यांना आनंद झाला, आणि मी त्या आनंदावर लगेच पाणी ओतलं. ‘बुद्ध म्हणजे आमच्या विष्णूचा नववा अवतार, म्हणजे आपण एकच की!’ मला वाटलं, मी केवढी जवळीक दाखवली. ते हसले, ‘हं’ म्हणाले आणि एक पाऊल पुढे सरकले. नंतर बोलले नाहीत.

विष्णू तिथे आहे, बरं का. कित्येक विहारांच्या आवारात त्याचं वेगळं देवालय दिसेल, मूर्ती निळी. पण तिथे तो त्या बेटाचा आणि बुद्धाच्या शासनाचा, म्हणजे धम्माचा, राखणदार आहे. म्हणजे त्या गृहस्थांच्या घरात शिरून मी त्यांच्या घराची मांडणी उलटी सांगत होतो. आणि लंकेचं कशाला, हे वाक्य आपल्या इथेही जपूनच बोलावं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत बुद्ध हा विष्णूचा अवतार असल्याचं स्वच्छ शब्दांत नाकारलं आहे. आपल्याला ही खोड जुनीच. नाशिकात राहून आपण त्रिरश्मी लेण्यांना पांडवलेणी म्हणतो. भिक्खूंनी पावसाळे काढले त्या ओवऱ्यांत, आणि नाव झालं पांडवांचं.

आता पोसोन म्हणजे काय ते ऐक. बुद्धाच्या जन्माचा, बोधीचा आणि महापरिनिर्वाणाचा दिवस तो वेसाक, आपली वैशाख पौर्णिमा. पोसोन त्याच्या पुढची, ज्येष्ठातली. म्हणजे बहुतेक वर्षी आपल्याकडे बायका वडाला सूत गुंडाळत असतात त्याच दिवशी तिकडे माणसं पिंपळापुढे बसलेली असतात. (अधिक मास आला की घोळ होतो, तारीख पंचांगावरून काढू नकोस, तिथल्या सुट्ट्यांच्या यादीत बघ.) इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अशोकाचा मुलगा महेंद्र, त्यांचा महिंद, याच पौर्णिमेला मिहिंतलेच्या डोंगरावर आला असं ते मानतात. राजा देवानंपिय तिस्स हरणामागे धावत तिथे पोचला, तर समोर चीवर घातलेला अनोळखी माणूस, आणि तो राजाला थेट ‘तिस्स’ म्हणून हाक मारतो.

पुढचा प्रसंग महावंसात, म्हणजे लंकेच्या जुन्या पाली बखरीत, आहे. राजाची समज कितपत आहे ते बघायला महिंद विचारतो, या झाडाचं नाव काय? राजा म्हणतो, आंबा. याखेरीज आणखी आंबे आहेत? पुष्कळ आहेत. आंब्यांखेरीज दुसरी झाडं? आहेत की. मग ते दुसरे आंबे आणि ती दुसरी झाडं सोडली, तर आणखी झाड आहे का? राजा म्हणतो, हा आंबा आहे, भन्ते.

लहानपणी मला हे कोडं पोरकट वाटायचं. दुसऱ्या खेपेला तिथल्या अंबस्थल स्तूपापाशी सावलीत बसलो असताना वाटलं, आपल्यासारख्यांसाठीच घातलेलं आहे हे कोडं. आपल्या ओळखीचे सगळे आंबे आधी बाजूला काढल्याशिवाय समोरचा आंबा दिसतच नाही. माझ्या पहिल्या खेपेच्या फोटोंत तर श्री महाबोधी म्हणून भलताच पिंपळ आहे! खरा वृक्ष सगळ्यांत वरच्या ओट्यावर, सोनेरी कठड्याच्या आत, आणि त्याच्या फांद्यांना सोनेरी टेकू दिलेले. तो काही आडदांड नाही. त्याच्या भोवतीचे दुसरे पिंपळ त्याच्याहून भरगच्च, म्हणून नजर त्यांच्यावरच जाते. अशोकाची मुलगी संघमित्ता हिने बोधगयेहून आणलेल्या फांदीचं ते झाड, आणि नागपूरच्या दीक्षाभूमीवरचा बोधिवृक्ष त्याच्याच फांद्यांपासून वाढलेला. भदन्त आनंद कौसल्यायन यांनी त्या आणल्या. तेव्हा नातं नाही असं मी म्हणत नाही. नातं आहेच, ते तोंडाने सांगत सुटू नकोस एवढंच.

फुलं घेशील तेव्हा ‘मानेल’, म्हणजे निळी कुमुदिनी, किंवा कमळ घे. विकणाऱ्या बायका पाकळ्या एकेक मागे दुमडून कमळ उमलवून देतात, ते बघत उभी राहा, पाच मिनिटं गेली तरी चालतील. वास घेऊ नकोस; हे तुला आजीनेही शिकवलं असेल. पण पुढचं वेगळं आहे. तू ठेवलेलं फूल थोड्याच वेळात मागून आलेला माणूस बाजूला सारेल, आणि काही वेळाने झाडणारा येऊन सगळंच गोळा करून नेईल. आपल्याकडे देवाच्या पायाशी वाहिलेलं फूल प्रसाद म्हणून परत मिळतं, आपण ते केसांत माळतो. तिथे परत काही मिळत नाही. फुलं वाहताना म्हणतात त्या पाली गाथेचा अर्थच असा, की जसं हे फूल कोमेजतं तसा हा देहही नाशाकडे जातो. आपल्या गावच्या विहारात हीच गाथा तू ऐकली असशील. ओळीत उभं राहून सुकलेल्या फुलांच्या ढिगाकडे बघताना ती निराळी ऐकू येते.

पांढऱ्या कपड्यांत आवारभर बसलेली माणसं दिसतील त्यांनी ‘सिल’ घेतलेलं असतं, म्हणजे अष्टशील, दिवसभरासाठी. त्यात दुपारी बारानंतर अन्न नाही. आपलं ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ तिथे चालत नाही. तू ज्यांच्या घरी उतरणार आहेस त्यांच्याकडची आजी सिल घेऊन बसली असेल तर संध्याकाळी कौतुकाने तिच्यापुढे चकलीचा डबा उघडू नकोस, आणि तिला गप्पांतही ओढू नकोस. भिक्खू समोरून आले तर बाजूला हो. तू मुलगी आहेस, त्यांच्या हातात थेट काही देऊ नकोस, जवळच्या पुरुषाकडे दे किंवा समोर ठेव. बसमध्ये पुढची जागा त्यांची. ‘तेरुवन् सरणै’ एवढे दोन शब्द पाठ कर, त्रिरत्नांचं शरण लाभो असा अर्थ. त्या दिवशी ‘आयुबोवन’ या नेहमीच्या नमस्कारापेक्षा ते जास्त शोभतात.

दारू आणि मांस पौर्णिमेला विकायला बंद. दर पौर्णिमेला सुट्टी असते तिथे, पोया म्हणतात. एके काळी, १९६६ ते १९७१, शनिवार-रविवार मोडीत काढून साप्ताहिक सुट्टीच चंद्राच्या कलेवर ठेवली होती त्यांनी! व्यापाऱ्यांचे काय हाल झाले असतील.

आता दानसल. खरं तर हे पत्र मी त्यासाठीच लिहायला बसलो.

शब्द ओळखलास ना? दानशाला. पोसोन आणि वेसाकला रस्त्यारस्त्यावर मांडव पडतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्या कुणालाही फुकट खायला-प्यायला देतात. कुठे भात आणि भाज्या, कुठे उकडलेले हरभरे, कुठे आईस्क्रीम. उकडलेला मन्योक्का आणि वर खोबऱ्याचा तिखट सांबोल मिळाला तर सोडू नकोस; आपला उपासाचा साबुदाणा याच कंदाचा. प्यायला बेलीमल, म्हणजे बेलाच्या सुकवलेल्या फुलांचा काढा, सोबत गुळाचा खडा. कुठे इरमुसु, आपली उपळसरी. पोरं हातात झेंडे घेऊन रस्त्यात उभी राहतात आणि बस, मोटारी, ट्रक अक्षरशः अडवून माणसांना खाली उतरवतात. झेंडाही तुझ्या ओळखीचा असेल. आपण त्याला पंचशील ध्वज म्हणतो, तो १८८५ साली कोलंबोत तयार झाला.

तर माझीही रिक्षा अशीच अडवली. पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा, घामाने निथळलेला, हातात बेलीमलचा कप. मी प्यायलो. छान लागलं. मग आपल्याकडची सवय, भंडाऱ्यात जेवलो की पेटीत काही टाकायचं, फुकटचं अंगाला लागत नाही म्हणतात ना. मी खिशातून नोट काढून त्याच्या हातात कोंबायला गेलो. तो मागे सरला. मी समजलो भिडस्त आहे, म्हणून आणखी आग्रह केला. त्याचा चेहरा पडला. तेवढ्यात मांडवातून एक बाई आल्या, माझा नोटेचा हात त्यांनी हलकेच माझ्याच खिशाकडे वळवला आणि दुसऱ्या हातात आणखी एक कप ठेवला.

रिक्षावाल्याने पुढे समजावलं. गल्लीतल्या लोकांनी आठवडाभर वर्गणी काढून, रात्र जागून हे केलं होतं. दिलेल्याचं पुण्य त्यांचं, आणि ते मी घेतलं तरच पूर्ण होणार. मी पैसे देऊन त्याचा सौदा करायला निघालो होतो. इतकी वर्षं मी आदर म्हणजे काहीतरी देणं, वाकणं, पेटीत टाकणं समजत होतो. नुसतं हात पुढे करून घेणं मला जमलं नाही. तुलाही जड जाईल. आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरांत ‘कुणाचं फुकट खाऊ नये’ हे शुभंकरोतीच्या आधी शिकवतात.

त्यामुळे रांग लाव. उन्हात अर्धा तास गेला तरी रांगेतच उभी राहा, परदेशी पाहुणी म्हणून कुणी पुढे बोलावलं तर नको म्हण. पोटात मावेल तेवढंच घे, पानात टाकू नकोस. वाढणाऱ्या पोराचा फोटो काढायचा तर आधी विचार आणि आधी जेव.

एक गोष्ट थोडक्यात. १९८५ च्या मे महिन्यात अनुराधापुरात, श्री महाबोधीच्या आवारातही, यात्रेकरूंना गोळ्या घालून मारलं होतं; सरकार आणि तमिळ बंडखोर यांच्यातली ती यादवी संपली २००९ साली. दोन्ही बाजूंच्या जखमा अजून ओल्या आहेत. झडतीच्या रांगेत कुरकुर करू नकोस, आणि तमिळ-सिंहली या विषयावर जेवणाच्या पानावर मत देऊ नकोस. तुला भेटणारा हॉटेलवाला तमिळ असेल तर त्याच्या मनात या पौर्णिमेचं चित्र वेगळं असू शकतं. तेही ऐकून घे.

मिहिंतलेला १८४० पायऱ्या आहेत, दगडी, रुंद, दोन्ही बाजूंना चाफा. मोटारीने अर्ध्यापर्यंत जाता येतं, पण तू खालून चढ. पहाटे चारला निघ. सत्तरीच्या बाया नातवंडांचा हात धरून तुझ्या पुढे निघून जातील, जाऊ देत. वर पोचलीस की आराधना गल या खडकावर चढायची घाई करू नकोस, तिथे नेहमी रेटारेटी असते. आधी अंबस्थलापाशी बस. पौर्णिमेला तुला तिथे एकटीला कोपरा मिळणार नाही. शेजारी कुणी पोर रडत असेल, कुणी डब्यातला भात काढत असेल, माकड तुझ्या पिशवीवर टपलेलं असेल, आणि मधूनच सगळ्यांच्या तोंडून ‘साधु, साधु, साधु’ उमटेल. तुला म्हणावंसं वाटलं तर म्हण. नाही वाटलं तर गप्प बस, कुणी विचारत नाही.

परत आलीस की ये. येताना मला काही आणू नकोस, पिंपळाचं गळलेलं पान मिळालं तर तेवढं पुस्तकात ठेवून आण.

तुझा,
मास्तर

ता. क. — जाड पायमोजे घे. अकरानंतर स्तूपाभोवतीची फरशी तव्यासारखी तापते. पहिल्या खेपेला मी भर दुपारी अनुराधापूरच्या रुवनवेलिसाय स्तूपाची प्रदक्षिणा उड्या मारत घातली होती, आणि एका शाळेच्या सहलीला माझ्यामुळे फार हसू आलं होतं.