आठवीतील मुलीला अंतर-काल आणि वेग-काल आलेख कसे समजवावेत?

अंतर-काल आलेखातील आडवी रेघ म्हणजे थांबलेली गाडी, पण वेग-काल आलेखातील तशीच आडवी रेघ म्हणजे धावणारी गाडी, हे आपल्या मुलीला पटत नाही, आणि दुसऱ्या आलेखाखालच्या क्षेत्रफळातून अंतर कसे निघते हेही तिला कळत नाही, असे आपण लिहिले आहे. तिला हे न पटणे मला अगदी योग्य वाटते. पहिल्याच तासाला मान डोलावणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांनी ते नुसते पाठ केलेले असते, हे मी एकोणतीस वर्षे विज्ञान शिकवताना पाहिले आहे. आणि त्याच्या कितीतरी आधी मी स्वतः नेमकी तिथेच अडले होते.

१९७८ मध्ये मी आठवीत होते. घटक चाचणीत एक अंतर-काल आलेख देऊन गाडीच्या प्रवासाचे वर्णन करायला सांगितले होते. रेघ आधी बरीच उभी, मग थोडी आडवी, मग पुन्हा वर जाणारी पण कलती अशी होती. मी लिहिले, ‘गाडी आधी उभा डोंगर चढली, मग सपाटीवर चालली आणि शेवटी हलक्या चढावर गेली.’ शून्य गुण मिळाले. तिरपी रेघ म्हणजे गती, आडवी म्हणजे विराम, एवढे पाठ करा, असे बाईंनी सांगितले. मी पाठ केले आणि पुढच्या चाचणीत वेग-काल आलेखातील आडव्या रेघेपुढे ‘गाडी थांबली आहे’ असे लिहून पुन्हा शून्य घेतले.

माझे वडील रेल्वेत सेक्शन कंट्रोलर, म्हणजे एका ठरावीक मार्गावरच्या गाड्यांचे नियंत्रण करणारे, होते आणि आम्ही कल्याणला राहत होतो. त्या काळी कंट्रोलर समोर मोठा चार्ट पसरून बसत आणि स्टेशनांवरून टेलिफोनने कळणाऱ्या वेळांवरून प्रत्येक गाडीची रेघ हाताने ओढत. चार्टवर आडव्या दिशेने वेळ असे आणि उभ्या दिशेने एकाखाली एक स्थानके. म्हणजे वडील रोज आठ तास अंतर-काल आलेखच काढत होते, फक्त त्याला ते नाव देत नव्हते. माझी उत्तरपत्रिका पाहून त्यांनी जुन्या कॅलेंडरचे पान उलटे केले आणि पुण्याकडे जाणाऱ्या गाडीची रेघ काढली. हिशेबाच्या सोयीसाठी त्यांनी कल्याण ते कर्जत ४६ किलोमीटरला ४६ मिनिटे धरली. कर्जतला मागे बँकर, म्हणजे घाटात गाडीला मागून ढकलणारी, इंजिने लावण्यासाठी ६ मिनिटे थांबा धरला. पुढे लोणावळ्यापर्यंतच्या २८ किलोमीटरला ४८ मिनिटे धरली.

कर्जतच्या पुढे बोरघाट आहे, ३७ फुटांना १ फूट असा चढ. मला वाटले, आता रेघ उभी चढणार. ती उलट आडवी कलली. मी म्हटले, “बाबा, घाट तर इथे आहे, मग रेघ का पडली?” ते म्हणाले, “अगं, घाट कागदावर येत नाही. गाडी घाटात रखडते, मिनिटे जास्त जातात, म्हणून रेघ कलते.” त्या एका वाक्याने माझा गोंधळ संपला. आपल्या भाषेत भूमितीतल्या या गोष्टीला ‘चढ’ असाच शब्द आहे, त्यामुळे मुलांच्या डोळ्यांसमोर डोंगर उभा राहिला तर त्यात त्यांचा काय दोष?

मग त्याच पानावर, त्याच मिनिटांच्या खाली, त्यांनी दुसरा आलेख काढला. त्यात उभ्या अक्षावर स्थानके नव्हती, ताशी किलोमीटर होते. कर्जतपर्यंत ६० वर आडवी रेघ, ६ मिनिटे शून्यावर आणि पुढे ३५ वर आडवी रेघ. वरच्या आलेखात जो रेघेचा कल, म्हणजे तिचा चढ, होता, तो खालच्या आलेखात रेघेची उंची झाला. हे दोन आलेख एकाखाली एक न काढता वेगवेगळ्या तासांना शिकवणे ही माझ्या मते सरळ चूक आहे. क्षेत्रफळाचेही तसेच: ३५ च्या रेघेखालचा आयत ३५ उंच आणि ४८ मिनिटे, म्हणजे ०.८ तास, रुंद आहे. गुणाकार २८. तेच घाटातले अंतर.

आपल्या मुलीला आधी कागद देऊ नका. घरातल्या फरश्या मोजत तिला चालू द्या, दर दोन सेकंदांना किती फरश्या झाल्या ते आपण लिहा आणि त्यावरून तिला आलेख काढू द्या. मग उलट करा: आपण रेघ काढा आणि तिला तशी चालून दाखवायला सांगा. आडवी रेघ आली की ती आपोआप उभी राहील.

हे मी वर्गात करत असे, तेव्हा शाळेतले एक ज्येष्ठ सहकारी शिक्षकांच्या खोलीत सर्वांसमोर म्हणत की यात तास वाया जातो, सूत्र आणि तक्ता दिला की गुण मिळतात. गुण मिळतात, हे खरे आहे. पण अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या लिलियन मॅकडरमॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात रेघेची उंची आणि रेघेचा कल यांत घोटाळा करणारे विद्यार्थी महाविद्यालयात शिकणारे होते. सूत्रे त्यांनाही येत होती. तो लेख मला निवृत्तीनंतर वाचायला मिळाला. आधी मिळाला असता तर त्या खोलीत मी तो मोठ्याने वाचून दाखवला असता.

एक खुलासा राहिला. खरी गाडी ६० वरून एका क्षणात शून्यावर येत नाही, त्यामुळे वेग-काल आलेखात उभी रेघ न येता तिरपी उतरती रेघ येते आणि तिचा कल म्हणजे त्वरण, वेग बदलण्याचा दर. तसेच वर मी चाल आणि वेग एकच धरले आहेत (वेगात दिशाही येते, चालीत नाही), कारण गाडी एकाच दिशेने जात होती. परतीची गाडी घेतली की हे चालणार नाही. मुलीला लोणावळ्याहून कल्याणला येणाऱ्या गाडीचा आलेख काढायला सांगा, अंतर मात्र कल्याणपासूनचे मोजायला सांगा आणि रेघ खाली का येते ते विचारा. ‘गाडी घाट उतरते म्हणून’ असे उत्तर आले, तर पुन्हा फरश्यांवर जा.